अशोक चौकातली भिंत

तेवीस जणांनी वर्गणी काढली,
दहा-वीस रुपये, इरय्यानं पन्नास.
सॉफ्टवेअरला मालक नाही,
मग जाहिरात कोण करणार? आम्हीच.

गुरुसिद्ध पेंटरनं ब्रश बुडवला :
"फुकटच हाय की बे, मग इकताय काय?"

येमूलांची नागमणी म्हणाली,
"मामा, जेकार्डचे पत्ते
अण्णांनी कपाटात कुलपात ठेवले.
अण्णा गेले,
मोराची चादर परत कुणालाच जमली नाही.
ह्याचे पत्ते उघडे आहेत."

तो गप्प. मग लिहीत गेला,
मराठीत, तेलुगूत, कन्नडमध्ये.
मराठीत 'सॉ'वरचा चंद्र राहिला.
शिडी तर परत गेलेली.

दिवेलागणीला कारखान्याचा भोंगा झाला
तेव्हा कुणाचं तरी पोरगं
दुसऱ्याच्या खांद्यावर चढलं,
खडूनं चंद्र काढून
नाव न सांगता पळालं.