थंड बी

कायाओ बंदरात क्रेन बिघडली
म्हणून तिसऱ्या दिवशीही आमचं जहाज तिथंच.
जुलैतलं धुकं. पडू पडू म्हणत न पडणारा पाऊस.
लिमातल्या सुपरमार्केटात, फळांच्या काट्यामागे
एदेलमीरा. असं बिल्ल्यावर लिहिलेलं.

मी पिशवी ठेवली. तिनं हुंगून पाहिली,
म्हणाली, ग्वायाबा,
आणि चार आकडे दाबले.
मोडक्या स्पॅनिशात मी सांगितलं,
आमच्याकडे याला पेरू म्हणतात.
पेरू?
पेरू.
तिनं बटाट्यांपाशी उभ्या पोऱ्याला हाक मारली,
त्याला ऐकवलं, मग दोघं हसली.
म्हणजे अख्खा देश तुम्ही
तिखटमीठ लावून खाता?

खातो, बाई. फोडी करून.
कुठल्या गलबतातून उतरला, कुणी बारसं केलं,
आमच्या आजोबांनीही विचारलं नाही.
मोसंबीसुद्धा मोझांबिकची म्हणे.
माल उतरवून घेताना
बंदराचं नाव ऐकलं असेल कुणी अर्धवट.

मग तिनं ब्लूबेरीची डबी दाखवली.
लेक तिकडे इकाच्या वाळवंटात, पॅकिंगला, रात्रपाळी.
डबीवर तीन भाषांत फळाचं नाव,
कंपनीचं नाव, बागेचा नंबर.
"चांगली रॉटरडॅमला जातात," ती म्हणाली,
"ही मऊ पडली, म्हणून घरी राहिली."
डबी तिनं परत ठेवली, लेबल पुढे करून.

शेवटी चिरिमोया. हिरवीगार, चापट खवल्यांची,
आपल्या सीताफळाची थोरली बहीण.
चिरी म्हणजे थंड, मोया म्हणजे बी,
असं वांताच्या डोंगरातली तिची आजी सांगायची, केचुआत.
स्पॅनिश लोकांनी गावं बदलली, देव बदलले,
हे एवढं नाव तसंच राहून गेलं.
आणि तुमच्यात काय म्हणतात?

सीतेचं फळ.

सीता कोण?

मागे रांग. एका म्हाताऱ्याच्या हातात कोथिंबिरीची जुडी,
तिचं पाणी त्याच्या बुटावर ठिबकतंय.
वनवास, हरण, धोबी,
यातलं काहीच मला स्पॅनिशात येत नव्हतं.
म्हटलं, एक बाई. नांगरताना जमिनीत सापडली.
शेवटी जमिनीतच गेली.

एदेलमीरानं बारकोड चिकटवला,
देठापाशी अंगठा दाबून पाहिला.
"मग बीच की ती," म्हणाली.
"उद्या खा. आज कच्चं आहे."