जिनिंगची भिंत

आता तिथे केळी पिकवायच्या थंड खोल्या झाल्यात.
रखवालदार विचारतो, काका, काम काय?
काम काही नाही, बाबा. भिंत पाहायची आहे.
तो आमच्या पाच पांढऱ्या डोक्यांकडे बघतो
आणि बाजूला सरकतो.

हीच ती. जुन्या जिनिंगची, मागची.
मधू फेगडे हात वर करून उंची दाखवतो,
दरवर्षी वीतभर जास्त.

ब्याऐंशी साली सावद्यात सॉफ्टबॉल म्हणजे काय
हे झोपे सरांनाही अर्धंच ठाऊक.
नाशकाला कुठलंसं शिबिर करून आले,
सोबत एक बॅट, दोन चेंडू, पुसट छापलेले नियम.
बेस म्हणून खताच्या गोण्या, रेती भरून.
ग्लोव्ह खरा एकच. बाकीचे पुना मोच्याने शिवले
फाटक्या पखालीतून;
घामाने भिजले की मेल्या रेड्याचा वास सुटायचा.

पण संघ!
इस्माईल पिंजारी शॉर्टस्टॉपला,
कापूस पिंजणारे हात,
चेंडू त्यात पडला की आवाजच व्हायचा नाही.
चिंतामण कोळी सुकी नदीत चपटे दगड भिरकावून शिकलेला,
बगलेखालून असा सोडायचा
की समोरचा बॅट फिरवून मोकळा
आणि चेंडू मागे दामूच्या पंजात.
दामू भंगाळे तोतरा.
शिव्या मात्र सलग द्यायचा.

आणि सुभान तडवी.
दिवसभर स्टेशनावर वाघिणींत घड चढवायचा,
संध्याकाळी खांद्यावरचे चिकाचे काळे डाग घेऊन तसाच मैदानात.
बॅट धरतोस चुकीची, सर म्हणायचे.
चेंडू भिंतीपल्याड गेला
की सर काही म्हणायचे नाहीत.

पल्याड वामन नेहेत्यांची केळी.
ते खाटेवर बसून मोजायचे:
आज तीन पानं फाडली, एक घड पाडला.
चिठ्ठी सरांकडे पोचायची, पैसे कधीच मागितले नाहीत.
फायनलच्या दिवशी तीच खाट भिंतीला उभी लावून
म्हातारा वर चढलेला, धोतर खोचून.

अकोल्याचा संघ. शेवटचा डाव.
दोघे बाद, दोघे बेसवर.
मे महिना, सावलीत शेहेचाळीस,
पाण्याच्या टँकरवरसुद्धा माणसं.
सुभानने दोन हुकवले.
मी फलकापाशी, हातात खडू, खडूला घाम.
आणि तिसरा

आवाज आधी आला की चेंडू आधी दिसेनासा झाला
यावर आम्ही अजून भांडतो.
गेला रे भो, गेला!
टँकरवाल्याने नळ सोडून दिला, तो बंद करायला कोणी नव्हतं.

त्या रात्री पऱ्हाट्यांच्या जाळावर वांगी भाजली,
बडगीत मिरच्या ठेचल्या,
सगळं गाव भरीत खायला.
नेहेत्यांनी केळीची पानं पाठवली,
निवडून, एकही फाटकं नाही.

पुढच्या जूनमध्ये सरांची बदली झाली.
चिंतामण सुरतेला गेला. इस्माईल गेलाच.
बॅट शाळेत घंटेच्या दोरीला बांधलेली होती,
मग तीही दिसली नाही.

आज सुभानला पालहून गाडीत घालून आणलंय.
तो भिंत बघत नाही, जमीन बघतो.
काठीने एक जागा टोचतो, भिंतीच्या अलीकडची,
हातभर.
इथं टप्पा पडला व्हता, भो.
मंग उडाला. पंच चुकला.
मी बोल्लो नाही कोनाले.

मधूचा वर गेलेला हात तिथेच राहिला.
आत यंत्रांची घरघर.
मग दामू, जो नावही एका दमात सांगू शकत नाही,
तो म्हणाला, न अडखळता:
तुले काय माहीत?
तू पयत होता, खाली मान घालून.
पाह्यला तं आम्ही.

सुभान हसला. असंन बा, म्हणाला.
सगळे हसले.

मी नाही बोललो.
थोडी धूळ मलाही दिसली होती, भिंतीच्या अलीकडे.
हातात खडू होता.
मी तीन लिहिले.