भाकडकथा

ऑक्टोबर. एन्सवर्थच्या उत्तरेला, नेब्रास्का.
खांद्यापर्यंत प्लास्टिकचा हातमोजा,
सकाळपासून हात गायींच्या पोटात.
खोड्यात मान अडकली की मी सांगते:
चार महिने. चार. पाच. तीन, उशिराची.
व्हर्लिन क्रोगर पाठीवर निळी रेघ ओढतो,
रिकामीला नारिंगी.
नारिंगी म्हणजे डावं फाटक, ट्रक, शनिवारचा बाजार.
नियम त्याचाच:
वर्षाला वासरू नाही, तर हिवाळ्याचं गवत नाही.
दुपारपर्यंत नऊ नारिंगी. नऊही रेघा सरळ.

मग चारशे सतरा.
काळी, एक कान थंडीने झडलेला,
आठ वेतं झालेली, खालचे दात झिजलेले.
आर्लिसने हिला बाटलीवर वाढवलं होतं
स्वयंपाकघरात, ओव्हनचं दार उघडं ठेवून.
आर्लिसला जाऊन आता दोन वर्षं.

मी चाचपलं. पुन्हा चाचपलं.
पिशवी हलकी, घडी घातलेल्या रुमालासारखी.
तोंडातून निघालं ते मराठीत: भाकड.
“म्हणजे किती महिने?” व्हर्लिनने विचारलं.
इंग्रजीत सांगायला हवं होतं मी.
ट्रकचं इंजिन चालू होतं.
त्याने दोन्ही खडू खिशात टाकले,
म्हणाला, वारा फिरलाय, रात्री बर्फ येईल,
आणि स्वतः जाऊन उजवं फाटक उघडलं.

संध्याकाळी बोनेटवर हिशेब:
खोड्यातून गेल्या दोनशे बारा,
खुणा दोनशे अकरा.
मी दोनशे अकराच लिहिलं.
खाली सही केली,
शेजारी शेणाचा अंगठाही उमटला.