शून्य पूर्णांक तीन

अंबड चौफुलीच्या पुढे, मोसंबीच्या गाड्यांना लागून
माझी ओम्नी उभी असते. मागचं दार वर,
आत कॉम्प्युटर, प्रिंटर, एक टेबलफॅन
आणि मी.
लोक म्हणतात पीयूसीवाल्या बाई.
नाव कुणी विचारत नाही,
पाचशेचे सुटे आहेत का तेवढं विचारतात.

मशीन आकडा सांगतं, पण त्याच्या आधी मला वास सांगतो.
रसवाल्याने सालं टाकली की मोसंबीचा,
वारा फिरला की एमआयडीसीतल्या तापल्या लोखंडाचा,
आणि या दोघांच्या मधून
एखादी गाडी आली की कळतं,
हिचं पेट्रोल अर्धं कच्चंच बाहेर पडतंय,
हिच्या पोटात कुणाचा तरी हात जाऊन आलाय.

गुरुवारी पाथ्रीकर सरांची वॅगन आर आली.
अठराची गाडी, गेल्या दसऱ्याला जुनीच घेतलेली.
धुतलेली. मागच्या काचेवर क्लासचा फोन नंबर,
केमिस्ट्री, अकरावी-बारावी.
मी नळी सायलेन्सरमध्ये सरकवली.
मर्यादा शून्य पूर्णांक तीन.
आले तीन पूर्णांक चार.
"पुन्हा घ्या," सर म्हणाले,
पेपर रिचेकिंगला द्यावा तसं.
पुन्हा घेतलं. तीन पूर्णांक पाच.

मग इकडेतिकडे बघून, हळू:
"नळी जरा बाहेर धरता येते ना, बाई?
सगळीकडे धरतात म्हणे."
धरतात.
मीही धरली आहे, दिवाळीच्या तोंडावर, दोनदा.
तिसऱ्यांदाचं सांगत नाही.

पण त्या दिवशी मी पदर खोचला आणि गाडीखाली वाकले.
जिथे फुगीर डबा असायचा
तिथे सरळसोट पाइप,
दोन्ही टोकांना वेल्डिंग.

टाक्यावरून शिंपी ओळखावा तशी मी वेल्डिंग ओळखते.
वळण संपताना डावीकडे एक जाड थेंब,
हात उचलायच्या आधी जरासा रेंगाळलेला.
असा थेंब आमच्या पाळण्याच्या कडीला आहे,
कूलरच्या स्टँडला आहे,
पोरीच्या सायकलच्या कॅरिअरला तर दोन आहेत.

अंकुश.

"चोकअप झालाय," तो गिऱ्हाइकाला सांगतो,
"काढून टाकू, गाडी मोकळी पळंल."
पळतेही.
डबा मात्र तो भंगारात टाकत नाही.
पंधरा दिवसांनी भोकरदन नाक्याचा एक माणूस येतो,
हातात तोलतो, रोख मोजतो.
आत प्लॅटिनम असतं म्हणे,
माझ्या मण्यांतल्या सोन्याने मान खाली घालावी असं काहीतरी.
एकदा अंकुशने फुटका तुकडा घरी आणला,
राखाडी, हलका, भोकाभोकांचा,
कधीच मध न धरलेलं मोहोळ.
पोरीने डोळ्याला लावून ट्यूबलाइट बघितली.
त्याच महिन्यात तिची फी भरली.

सर घड्याळ बघत होते.
लांब सळईच्या कारखान्याचा धूर तिरपा चालला होता.
त्या चिमणीला नळी लावायला कुणी वाकत नाही,
हेही मनात आलं.
आलं आणि गेलं, माझी शिडी तेवढी उंच नाही.

मी नापास छापलं.
"सर, आत डबाच नाही. ज्यात धूर धुतला जातो, तो."
"म्हणजे कॅटॅलिस्ट?" सर म्हणाले,
आणि तो शब्द इतकी वर्षं फळ्यावर लिहूनही
आज पहिल्यांदा त्यांच्या अंगावर आल्यासारखे
बॉनेटला टेकले.
"मग आता?"
"ज्याने काढला, त्यालाच विचारा."

स्लिपच्या पाठीमागे मी पत्ता लिहिला,
मोंढ्यामागची गल्ली, निळं शटर.
फोन नंबर बघावा लागला नाही.

रात्री अंकुश उशिरा जेवायला बसला.
भाकरी मोडली, ठेचा मागितला नाही.
"अक्षर तुझं होतं."
"वेल्डिंग तुझं होतं."

आतून पोरगी ओरडत होती,
तो भोकांचा दगड कुठं ठेवलाय,
उद्या सायन्सच्या बाईंना दाखवायचाय.