रिकाम्या जागा

दांडिया बाजारात आमच्या क्लासच्या जिन्याखाली
सेव-उसळवाल्याचं पातेलं दिवसभर उकळतं,
म्हणून मी शिकवलेल्या प्रत्येकाच्या
पास्ट परफेक्टला तर्रीचा वास आहे.
एकोणीस वर्षं.
कुणी ब्रॅम्प्टनला गेलं, कुणी पर्थला,
झलक साडेसहा बँड घेऊन कुठल्याशा बर्फात
बटाटे सोलते आणि रविवारी विचारते,
मॅडम, इथं 'सिन्स' येईल की 'फॉर'?
मी मात्र सुरसागरला वळसा घालून
घरीच येत राहिले,
स्कूटरच्या डिकीत तपासायच्या वह्या.

आता दोन पत्रं आली आहेत.

सोहारचं चौदा पानी. टेक्निकल कॉलेज,
करमुक्त पगार, एसी खोली,
पहिलं वर्ष कुटुंब आणता येणार नाही, कलम नऊ.
स्वल्पविराम जिथे हवा तिथेच.
लाल पेनाचं टोपणसुद्धा काढावं लागलं नाही.

दुसरं हायफाँगचं. एकच पान.
लहान मुलं, आठवड्याला बावीस तास,
अर्धं विमानभाडं, तेही करार पुरा झाल्यावर,
खोली एका फिलिपिनो बाईबरोबर वाटून.
अलकापुरीतले पिनाकिनभाई म्हणाले,
बेन, मातृभाषेच्या रकान्यात इंग्लिश टाका,
पगार वीस टक्के वर जाईल, कोण बघायला येतंय?
नाव, जन्मतारीख, रक्तगट भराभर लिहिलं.
मग तो रकाना.
घरी मराठी, भाजीवालीशी गुजराती, फळ्यावर इंग्रजी,
आणि स्कूटर बंद पडली की हिंदी.
तरी लिहिलं, मराठी.
गेले वीस टक्के, पिनाकिनभाई म्हणाले,
आणि माझ्यासाठी अर्धा चहा मागवला.

निरंजननं रात्रपाळीला जाण्याआधी
विजेच्या बिलामागे रेघ मारून दोन खाने पाडले.
सोहारखाली सात मुद्दे.
हायफाँगखाली फक्त 'पाऊस?'
तू ठरव, म्हणाला,
फ्रिज घेऊ का विचारल्यावर म्हणतो त्याच आवाजात.
अण्णांनी पेपरातून मान वर केली :
तिकडे दूध कसं लिटर?

सगळ्यात नेमका प्रश्न तोच होता.
मी तो दोन्हीकडे पाठवला.
सोहारहून उत्तर आलं,
आपली चौकशी संबंधित विभागाकडे दिली आहे.
हायफाँगहून आला दुधाच्या पुड्याचा फोटो,
किमतीवर बोट धरलेलं, नख थोडं तुटलेलं,
आणि खाली मुख्याध्यापिकाबाईंची एक ओळ :
वुई आर वेटिंग यू.

हात आपोआप गेला. वेटिंगपुढे काकपद काढलं,
वर 'फॉर' लिहायचा होता.
हाच 'फॉर' घालत आले इतकी वर्षं,
राहिला तिथे अर्धा गुण कापत.
पण पेन तिथेच थांबलं.
आमच्यात तरी कुठे लागतो?
आम्ही तुमची वाट बघतोय.
वाट, आणि तिच्यावर लावलेले डोळे,
मध्ये काहीच नाही.
त्या बाईंची भाषा मला ओ की ठो येत नाही,
पण इंग्रजीच्या अस्तराखालची त्यांची शिवण
त्या एका जागी उसवून दिसली.

सहाची बॅच जिना चढते आहे.
आज प्रीपोझिशन्स. फळ्यावर दहा वाक्यं,
प्रत्येकात एक रिकामी जागा.
सातव्यात जागा सोडायची मी विसरले,
की सोडलीच नाही, कोण जाणे.
जिगरनं हात वर केला, मॅडम, ही चूक आहे.
हो रे, म्हटलं, आहे.
पुसली नाही.

बॅच सुटल्यावर निरंजनला मेसेज केला,
हायफाँगच्या खान्यात लिही, दूध इथल्यापेक्षा महाग आहे.
आणि माझी ती जुनी छत्री,
दांडा हलणारी,
कुठे ठेवली आहेस?