पाचशे मिलिमीटर

लेन्स पळणिटकरांची. गुडघे गेले तेव्हा
त्यांनी ती माझ्या हवाली केली, सुरी द्यावी तशी,
मूठ माझ्याकडे करून.
"उन्हात तापू देऊ नका," एवढंच म्हणाले.
म्हणून आज खडकवासल्याच्या काठावर
तिला ओला पंचा गुंडाळलाय
आणि माझ्या डोक्यावर काही नाही.

मे. पाणी इतकं मागे सरकलंय
की गाळाच्या भेगेत माझी चप्पल अडकते.
दगडावर ज्वारी भरलेली उशी, उशीवर लेन्स,
लेन्सच्या टोकाला नदीसुरय:
चोच पिवळी, टोपी काळी.
पाण्यावर येऊन थबकतो, मान खाली घालतो,
काहीतरी हरवल्यासारखा.

त्याच्या मागून बोट क्लबची पोरं.
सकाळभर शिडं लोंबत होती, दोरीवरच्या धोतरांसारखी.
दोन वाजता पानशेतकडून वारा सुटला
आणि सगळी एकदम एका अंगावर झुकली.
एकाच्या शिडाला वीतभर ठिगळ.
ते ठिगळ मला इथून दिसतं;
शेजारी काढून ठेवलेला चष्मा सापडत नाही.

पण दुपारची हवा!
एका सेकंदाचे तीन हजार तुकडे केले
तर पाखरू थांबतं, हवा थांबत नाही.
गाळावरून झळा उठतात, पिसं विरघळतात,
डोलकाठी धामणीसारखी वळवळते.
पळणिटकर म्हणायचे, जवळ जा,
लांबचं दिसतं म्हणून लांब बसायचं नसतं.
बरोबर होतं त्यांचं. जवळ तर पाणी होतं.

नवनाथ करवंदं विकत आला. पाटीत दोनच द्रोण उरलेले.
"काकू, बघू का?"
बघ म्हटलं. शीड दाखवलं, सुरय दाखवला.
त्यानं नळी फिरवली पार पलीकडच्या काठाला
आणि गप्प झाला. मग ओरडला,
"मावशे! ए मावशे!"
धुणं आपटत होती म्हणे. जांभळी साडी.
"बघंना कशी? एवढी तर जवळ हाय!"
ओरडता ओरडता त्याचं बोट बटणावर पडलं.

रात्री चारशे बारा फोटो पुसले.
सुरय म्हणजे ओल्या कापसाचा बोळा,
शिडं म्हणजे सांडलेलं ताक.
एक ठेवला: तिरका, अर्धं शीड,
कोपऱ्यात शेपटीची दुभंगलेली टोकं
आणि काठावर जांभळा ठिपका.

रविवारी छापून नेला त्याच्यासाठी.
चिकाच्या बोटांनी धरला त्यानं, उलटा, मग सुलटा.
"मावशी कुठंय?"
हा काय, ठिपका.
"एवढी तर ती मला नुसती पण दिसती,"
म्हणाला, आणि फोटो परत दिला.
मग काय वाटलं कुणास ठाऊक,
माझ्या द्रोणात मूठभर करवंदं वरून घातली.