धाकटा जुळा

रास अल खैमाच्या धक्क्याचा जुळा
मी पडद्यावर घडवतेय.
क्रेन झाल्या, दोर बांधायचे खुंट झाले,
चुनखडीचे ढीगसुद्धा, रोज सकाळी मोजलेले.

फणसोपकर तांडेल चहा घेऊन बघायला येतात.
सत्तावीस वर्षं टगवर. विचारतात,
"पाण्याचा रंग कुठाय?"
रंगाला सेन्सर नाही, म्हणते मी.
"मग गाळ कसा कळायचा याला?"

परवा शमाल सुटला.
सात नंबरचा सेन्सर धुळीनं गप्प झाला
आणि पडद्यावर जहाज तसंच,
शहाण्या मुलासारखं, धक्क्याला टेकून.
बाहेर त्याचा पुढचा दोर तुटला होता.
रेडिओवर तांडेलांची शिवी आली,
अस्सल कोकणी.

रात्री एकच बदल केला:
बातमी शिळी होईल तसं
चित्रानं विरत जायचं.
दहा सेकंदांनी फिकं,
मिनिटानं नुसती कड.

साहेब म्हणाले, गिऱ्हाइकाला भोकं आवडत नाहीत.
म्हटलं, जुळ्यांतलाही एक
मागाहूनच येतो.
तेवढा उशीर याच्या अंगावर दिसू दे.

आज तांडेलांनी
एका रिकाम्या कडेवर बोट ठेवलं,
कप खाली ठेवला.
"हां. इथं मी बघून येतो."